सत्ता गेली, संघटनेचे काय?

सन २०२४ च्या जून महिन्यात जालना लोकसभा मतदारसंघाने साऱ्या महाराष्ट्राला चकित केले. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले केंद्रीय राज्यमंत्री श्री. रावसाहेब दानवे यांचा काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. पाच वर्षांपूर्वी ज्या मतदारसंघात काँग्रेसचा उमेदवार तीन लाखांहून अधिक मतांनी मागे पडला होता, आणि जेथे १९९१ नंतर त्या पक्षाला एकदाही यश लाभले नव्हते, तेथे हे घडले. साहजिकच काँग्रेसच्या गोटात आनंदीआनंद झाला. पक्षाचे पुनरुज्जीवन झाल्याची ग्वाही व्यासपीठाव्यासपीठावरून देण्यात आली. परंतु गुलाल धुऊन निघतो न निघतो तोच नोव्हेंबर उजाडला. जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून जालन्याचा लोकसभा मतदारसंघ होतो. या सहाही ठिकाणी महायुतीचे उमेदवार विजयी झाले. परतूर व घनसावंगी हे जिल्ह्यातील उरलेले दोन मतदारसंघही त्याच वाटेने गेले. साऱ्या राज्यात २८८ पैकी अवघ्या १६ जागा काँग्रेसच्या पदरात पडल्या. १९७२ साली याच विधानसभेत, २७० सभासदांच्या सभागृहात, या पक्षाचे २२२ सभासद बसले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

एकाच मतदारांनी सहा महिन्यांच्या आत दिलेले हे दोन कौल परस्परविरोधी आहेत, असे वरवर पाहता वाटेल. त्यांची कारणे सांगणारेही पुष्कळ आहेत. जूनमध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरील रोष होता, सोयाबीन आणि कापसाच्या भावाविषयी असंतोष होता, राज्यघटनेविषयी धास्ती होती. नोव्हेंबरात लाडक्या बहिणींच्या खात्यांवर पैसे जमा झाले होते, असे कोणी म्हणतात. पराभूत पक्षाने मतदारयाद्यांविषयी आणि मतदानयंत्रांविषयी शंका काढल्या आहेत. त्यांचा निवाडा योग्य त्या ठिकाणी व्हावा. या साऱ्या कारणांना आपापले वजन आहे. तथापि आमच्या मते दोन्ही कौल खरे आहेत आणि ते एकत्र वाचले तरच त्यांचा उलगडा होतो. जूनचा कौल हा सत्ताधाऱ्यांवरील नाराजीचा होता. त्या नाराजीला आणखी एका मतदानापर्यंत जपून ठेवील, तिला गावोगाव धरून ठेवील अशी संघटना काँग्रेसपाशी शिल्लक नाही, हे नोव्हेंबरने दाखविले. मते मिळाली, पक्ष मिळाला नाही.

हे ज्या भूमीत घडले तिचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे ऱ्हासाची खोली कळते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे. गोविंदराव नानल त्याचे अध्यक्ष होते. निजामाच्या राज्यात सभा भरविणे हाच तेव्हा अपराधासमान होता. गश्ती निशाण ५३ या कुप्रसिद्ध फर्मानाने नागरी स्वातंत्र्याचा गळा आवळलेला होता. मातृभाषेतून शिक्षण आणि नागरी हक्क अशा वरकरणी सौम्य मागण्यांभोवती जमलेली ही मंडळी म्हणजेच मराठवाड्यातील काँग्रेसचे बीज होय. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्माला येते न येते तोच तिच्यावर बंदी आली. १९३८ चा सत्याग्रह झाला, शेकडो माणसे तुरुंगात गेली आणि ती बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली १९४७-४८ मध्ये जो संग्राम झाला, त्यात सरहद्दीवरच्या छावण्या चालविणारे, चिठ्ठ्या पोहोचविणारे, रझाकारांच्या तावडीत सापडून प्राण देणारे जे लोक होते, त्यांना मंत्रिपद नावाची वस्तू ठाऊक नव्हती. पक्षाजवळ देण्यासारखे काही नव्हते. मागण्यासारखे मात्र पुष्कळ होते, आणि लोक ते देत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे निजामी राज्य संपले, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत काँग्रेस हा शब्द मुक्तीचा पर्याय होऊन बसला होता तो या पुण्याईवर.

ही पुण्याई पुष्कळ पुरली. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बालेकिल्ले ढासळले, त्या वेळीही पक्षाला सावरून धरणाऱ्या प्रदेशांत मराठवाडा होता. १९६० साली राज्य झाले आणि १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शेतकऱ्यांची मुले सभापती झाली, शिक्षण मंडळे निघाली, सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पैठणला जायकवाडीचे धरण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या शिवारांचा रंग पालटला. १९७२ च्या भीषण दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. काँग्रेसने काहीच केले नाही असे म्हणणे हा इतिहासाशी द्रोह होईल. आम्ही तो करणार नाही. १९८१ साली औरंगाबादेपासून अलग होऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही त्याच राजवटीत.

मग बिघडले कोठे? आमचे उत्तर असे की, ज्या संस्था लोकांसाठी उभारल्या त्याच हळूहळू पक्षाच्या जागी येऊन बसल्या. तालुका काँग्रेस समितीच्या कचेरीत जे काम व्हावयाचे ते साखर कारखान्याच्या आणि जिल्हा बँकेच्या कचेरीत होऊ लागले. गाऱ्हाणे सांगावयाचे ते पक्षापाशी न सांगता अध्यक्षसाहेबांपाशी सांगावयाचे, अशी रीत पडली. कर्ज, बियाणे, उसाची तोड, मुलाची शाळेतील नोकरी, या सर्वांच्या किल्ल्या एका हाती आल्यावर गावातला साधा कार्यकर्ता कशाला लागतो? त्याची गरज संपली, आणि ज्याची गरज संपते त्याचे मतही कोणी विचारीत नाही. पक्षाला सभासदांची याद राहिली ती फक्त मतदानाच्या दिवसापुरती.

वरच्या मजल्यावरही तेच झाले. १९७२ नंतर थेट १९९२ पर्यंत, वीस वर्षे, काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुकाच झाल्या नाहीत. लोकशाहीचा मंत्र देशाला देणाऱ्या पक्षाने स्वतःच्या घरात मात्र नेमणुकांचे राज्य आणले. त्याचा परिणाम महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिला. वसंतराव नाईक अकरा वर्षे मुख्यमंत्री होते; १९८० च्या जूनपासून पुढच्या आठ वर्षांत मात्र अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण असे पाच मुख्यमंत्री झाले. यांतील शेवटचे दोघे मराठवाड्याचेच होते. परंतु मुख्यमंत्री कोठला आहे यापेक्षा तो कोणाच्या मर्जीने आला आहे, हे महत्त्वाचे ठरते. दिल्लीची मर्जी सांभाळता सांभाळता पुढाऱ्यांच्या पायांखालची गावे निसटली.

जालन्याने इशारा दिला नाही असे नाही. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले, तेव्हा त्याच्या अग्रभागी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे होती. ज्यांनी स्टेट काँग्रेस घडविली आणि मतभेद होऊन जी तीतून बाहेर पडली, ती हीच माणसे. १९७७ साली जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे जालन्यातून लोकसभेवर गेले. १९८० व १९८४ मध्ये बाळासाहेब पवार यांनी ही जागा काँग्रेसला परत मिळवून दिली. तेवढ्यावर पक्ष निर्धास्त झाला. १९८९ साली तेच पुंडलिक हरी दानवे भारतीय जनता पक्षातर्फे पुन्हा विजयी झाले. १९९१ मध्ये अंकुशराव टोपे यांनी जागा जिंकली, ती काँग्रेसची २०२४ पूर्वीची अखेरची. १९९६ नंतर या मतदारसंघाने अठ्ठावीस वर्षे काँग्रेसला उंबरठ्याबाहेर उभे ठेवले. यांपैकी पंधरा वर्षे, १९९९ ते २०१४, राज्यात काँग्रेस आघाडीचेच सरकार होते आणि विलासराव देशमुख व अशोक चव्हाण हे मराठवाड्याचे दोन मुख्यमंत्री त्या काळात होऊन गेले. २००९ साली तर पराभव दहा हजारांच्या आतल्या मतांनी झाला. सत्तेचे एवढे पाठबळ असून जी उणीव भरून निघाली नाही ती पैशाची नव्हती, पदांचीही नव्हती. माणसांची होती.

या काळात आणखी एक प्रश्न असा आला की ज्याने पक्षाची नैतिक उंची मोजली गेली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैमध्ये केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत दलितांच्या वस्त्यांवर जे अत्याचार झाले त्यांचा डाग अजून पुसला गेलेला नाही. ठरावाची अंमलबजावणी व्हावयास १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला. या सोळा वर्षांत काँग्रेसची सरकारे आली आणि गेली. गावातल्या आपल्या कार्यकर्त्याला समोर बसवून, हे योग्य आहे आणि आपण ते केले पाहिजे, असे ठामपणे सांगणारा पक्ष मात्र दिसला नाही. दलितांचा विश्वास ढळला आणि ज्यांचा विरोध सांभाळण्यासाठी हा विलंब केला तेही राहिले नाहीत. त्या पोकळीत १९८० नंतरच्या दशकात शिवसेना मराठवाड्यात शिरली. दोन्ही दरडींवर हात ठेवणाऱ्याची नाव प्रवाहातच अडकते.

यापुढचा भाग म्हणजे पक्षांतराची दीर्घ कहाणी आहे. १९९९ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली आणि टोपे घराण्यासह मराठवाड्यातील कित्येक मातब्बर आपापल्या कारखान्यांसकट तिकडे गेले. २०१४ नंतर हा ओघ भाजपकडे वळला. २०२४ च्या फेब्रुवारीत अशोक चव्हाण यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्याने पक्ष सोडला. २०२५ मध्ये जालन्याचे माजी आमदार कैलास गोरंट्याल यांनीही भाजपची वाट धरली. जाणाऱ्यांना निष्ठाहीन म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या घरात माणूस केवळ सत्तेच्या उबेसाठी आला, तेथली चूल विझल्यावर तो दुसऱ्या घरी गेला तर नवल कसले? घर फिरले की घराचे वासेही फिरतात.

हा प्रकार एकट्या काँग्रेसचा आहे असे समजणेही चूक ठरेल. स्वातंत्र्याच्या लढ्यातून जन्मलेल्या आणि त्याच बळावर दीर्घकाळ राज्य केलेल्या पक्षांची जी गत आफ्रिका खंडात झाली, ती आमच्या वाचकांनी मुद्दाम पाहावी. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकन नॅशनल काँग्रेस १९१२ साली स्थापन झाली. १९६० पासून १९९० पर्यंत तीस वर्षे तिने बंदी सोसली. १९९४ साली नेल्सन मंडेला यांच्या नेतृत्वाखाली तिला सुमारे ६२ टक्के मते मिळाली, २००४ मध्ये जवळजवळ ७० टक्के. पुढे सरकारी महामंडळांतील नेमणुका पक्षातून होऊ लागल्या, कंत्राटांभोवती टोळ्या जमल्या, वीजमंडळ इतके खालावले की शहरे रोज तासन्‌तास अंधारात राहू लागली. २०२४ च्या मे महिन्यात हा पक्ष ४० टक्क्यांवर आला आणि जन्मभर ज्यांच्याशी झगडला त्यांच्याबरोबर त्याला सरकार बनवावे लागले. त्याच वर्षी बोट्स्वानात १९६६ पासून अखंड सत्तेवर असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाला मतदारांनी अवघ्या चार जागांवर आणून ठेवले. त्यापूर्वी झांबियात केनेथ काउंडा यांचा पक्ष १९९१ मध्ये आणि केनियात कानू हा पक्ष २००२ मध्ये असाच खाली आला होता. देश निराळे, माणसे निराळी, पण क्रम एकच दिसतो. लढ्यातून पक्ष, पक्षातून सरकार, सरकारातून कंत्राट. आणि अखेरीस ज्यांच्या आजोबांनी पक्षासाठी तुरुंगवास भोगला त्यांचीच नातवंडे त्याच्या विरुद्ध मतदान करतात. लढ्याची पुण्याई साधारणपणे दोन पिढ्या पुरते. तिसऱ्या पिढीला नोकरी, पाणी आणि वीज पाहिजे असते, आणि त्यात तिचे काहीही चुकत नाही.

यावर कोणी विचारील की, एक पक्ष बुडाला तर नागरिकाने हळहळावे का? आमचे म्हणणे असे की, काँग्रेसविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. परंतु संघटित विरोधी पक्षाविना जिल्हा कसा चालतो, हे पाहून काळजी वाटण्याचे कारण आहे. २०२२ साली जालना जिल्हा परिषदेची मुदत संपली. मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात गेला, आणि त्या निमित्ताने तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या अवधीत मुंबईत आधी महाविकास आघाडीचे आणि नंतर महायुतीचे सरकार होते. लोकनियुक्त सभासदांवाचून शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाणीयोजना यांचे निर्णय होत राहिले, आणि निवडणुका घ्या म्हणून गावोगाव फिरणारा एकही मोठा पक्ष दिसला नाही. ज्या जिल्हा परिषदांनी काँग्रेसला दोन पिढ्यांचे नेतृत्व दिले, त्यांचे दरवाजे बंद असता तिने तरी दारावर थाप मारावयास हवी होती.

पाण्याचेही तसेच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराची जी दैना झाली ती लोक विसरलेले नाहीत. निजामी अमदानीतला घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला आणि व्यापाराने, पोलादाच्या कारखान्यांनी व बियाण्यांच्या धंद्याने गजबजलेले हे शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. मुंबईत त्या वेळी काँग्रेसचेच मुख्यमंत्री होते आणि सिंचनावरील खर्चाचा वाद ऐन भरात होता. लोकांचा राग योग्य होता. पण राग येणे आणि त्या रागातून पाण्याचा हिशेब मागणारी टिकाऊ संघटना उभी राहणे, यांत अंतर आहे; आणि ते अंतर काटणे हेच पक्षाचे काम असते.

ते काम पक्षांनी सोडले की काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणाला बसलेल्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि पाहता पाहता ते लहानसे गाव साऱ्या राज्याच्या राजकारणाचे केंद्र झाले. त्या आंदोलनाच्या मागण्यांविषयी मतभेद असू शकतात; आमचा मुद्दा निराळा आहे. जिल्ह्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता एवढा जनसमुदाय सर्व पक्षांच्या बाहेर, एका व्यक्तीच्या शब्दावर गोळा झाला. सत्ताधारी आणि विरोधी, दोघेही काठावर उभे राहून पाण्याचा अंदाज घेत राहिले. समाजाची वेदना पक्षाच्या दारावरून पुढे निघून जाते, तेव्हा ती पुढे कोणत्या वळणाने जाईल हे कोणाच्याच हाती राहत नाही. गावागावांत जातीजातींच्या दरम्यान जे अंतर पडले आहे ते याचेच फळ आहे.

आज जे विजयी आहेत त्यांनीही या हकिकतीकडे दुसऱ्याच्या घरची म्हणून पाहू नये. काँग्रेसमधून निघालेली घराणी, त्यांच्या शिक्षणसंस्था आणि बँका त्यांनी आपल्याकडे ओढून घेतल्या आहेत. त्यांबरोबर ज्या सवयींनी काँग्रेसला पोखरले त्या सवयीही आल्या आहेत. १९९९ पासून अजिंक्य मानलेल्या उमेदवाराला २०२४ च्या जूनमध्ये जनतेने घरी बसविले, हा इशारा एकट्या व्यक्तीपुरता नव्हता. स्वतःचा कार्यकर्ता मागच्या बाकावर आणि काल आलेला पाहुणा पाटावर, ही पंगत फार काळ चालत नाही.

काँग्रेसला अद्याप काही करता येईल काय? येईल, असे आम्हांस वाटते; मात्र त्यासाठी नव्या घोषणेची किंवा नव्या यात्रेची आवश्यकता नाही. प्रत्येक तालुक्यात सभासदांची खरी यादी करावी आणि तालुकाध्यक्ष त्या सभासदांनी मतपेटीतून निवडावा. मुंबई-दिल्लीहून चिठ्ठी येऊ नये. कारखाना, बँक वा शिक्षणसंस्था ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे पक्षाचे पद नसावे. मंठा-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, कापसाचा भाव, मोसंबीच्या वाळलेल्या बागा, जायकवाडीच्या कालव्याच्या शेपटाला न पोहोचणारे पाणी, यांवर निवडणूक नसतानाही काम करणारी माणसे दर गावी दोनच असली तरी पुरेत. परतूरला १९३७ साली जी मंडळी जमली, त्यांची संख्या तरी कोठे मोठी होती?

२९ जानेवारी १९४८ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, महात्मा गांधींनी काँग्रेसचे विसर्जन करून तिचे लोकसेवक संघात रूपांतर करावे असा मसुदा लिहिला होता. तो सल्ला पक्षाने मानला नाही. सत्तेचा मोह तेव्हा नवा होता. आज सत्ता आपोआप गेली आहे. लोकसेवेला आता सत्तेचा अडथळा उरलेला नाही. जे काम सत्ता असताना जमले नाही ते सत्तेवाचून करण्याची तयारी या पक्षात आहे की नाही, हे जालन्याच्या मतदारांना पुढच्या निवडणुकीच्या प्रचारसभांतून कळणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात, पाण्याच्या टँकरभोवती जेव्हा रांग लागेल, तेव्हा तेथे कोण उभा आहे यावरून ते त्यांना कळेल.